प्रकल्प नोंदी : आठवी अ आणि एक टीएमसी पाणी

१६ जून, सोमवार

शाळा सुरू झाली. आजचा दिवस बाक मोजण्यात आणि नवीन मुलांना रोल नंबर देण्यात गेला, गणित शून्य. पण गेल्या वर्षीची एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये, या वर्षी ती नीट करायचीच म्हणून ही वही सुरू करतेय.

गेल्या जुलैत घनफळ शिकवताना मी सहज विचारलं होतं की बाबांनो पेपरात रोज येतंय खडकवासला धरणातून इतके हजार क्युसेक सोडले, म्हणजे नक्की किती? तर उत्तर आलं "खूप". अजून खोदून विचारल्यावर एकजण म्हणाला, "बाई, धरणात तेवढे क्युसेक पाणी असतं." ४६ पोरं वर्गात, लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सगळ्यांना तोंडपाठ, आणि त्या वाक्यावर एकाचाही हात वर नाही. अरे, क्युसेक म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी जातं तो वेग, साठा नव्हे! अर्धा वर्ग पुण्याच्या सिंहगड रोडला, नदीच्या बाजूला राहतो, पावसाळ्यात यांच्या व्हॉट्सॲपवर दुसरं काही नसतं, आणि तरी हे.

तेव्हा ३५ मिनिटांचा तास संपला आणि विषय तिथेच मेला. या वेळी जोड तास घेऊन सलग करायचं. पुस्तकात घनफळ पार शेवटाकडे आहे पण पाऊस काही धड्यांच्या क्रमाने पडत नाही.

१९ जून, गुरुवार

प्लॅन लिहिला. नऊ गोष्टी झाल्या. पर्जन्यमापक बनवणे, गच्चीचं क्षेत्रफळ काढून तिच्यावर किती पाणी पडलं ते काढणे, चार धरणांच्या साठ्याचा आलेख, घरच्या टाकीचं माप, धरणावर सहल, आणि काय काय. मलाच लिहिताना फार हुशार वाटत होतं. विज्ञानाच्या सरांना दाखवला तर ते चष्मा वर करून म्हणाले, "अहो बाई, हे आठवड्याचं नियोजन आहे का आठवी ते दहावीचं?"

बरोबर आहे त्यांचं. सहल तर पहिली कापली, पावसाळ्यात पाण्याजवळ ४६ पोरं न्यायची परवानगी मीच मला देणार नाही. गच्ची पण कापली. ती कापताना जीवावर आलं कारण एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोब्बर एक लिटर, इतकं सुंदर गणित, पण ती वेगळी गोष्ट आहे आणि दोन गोष्टी एकत्र सांगितल्या की मुलांना एकही कळत नाही.

शेवटी एकच प्रश्न ठेवला. खडकवासल्यातून १०,००० क्युसेकने पाणी सोडलं तर एक टीएमसी, म्हणजे शंभर कोटी घनफूट पाणी, जायला किती वेळ लागेल?

१०,००० मुद्दाम घेतलेत. खरा आकडा दर काही तासांनी बदलतो, सकाळच्या पेपरातला दुपारी शिळा. शिवाय शून्यं पटापट कटतात. भागाकार तिसरीतला आहे खरं तर, एकावर नऊ शून्यं भागिले एकावर चार शून्यं, एक लाख सेकंद, म्हणजे २७ तास ४६ मिनिटं ४० सेकंद. पण उत्तर येणं वेगळं आणि ते पटणं वेगळं, पटायचं तर दोन्ही शब्द हाताला लागले पाहिजेत.

२१ जून, शनिवार

काल पालख्या आल्या, रस्ते बंद, आज मुक्काम. वही उघडली नाही. दर्शनाला गेले आणि रांगेत उभी राहून एका सेकंदाला किती माणसं पुढे सरकतात ते मोजत होते, सवय वाईट.

२४ जून, मंगळवार

घरी बसून सगळी गणितं आधी स्वतः केली. हे मी दर वेळी करतेच कारण फळ्यासमोर अडकलं की पोरं माफ करत नाहीत.

एक फूट ३०.४८ सेंटीमीटर, त्याचा घन केला की एक घनफूट म्हणजे २८.३ लिटर. एका सेकंदाला एवढं पाणी गेलं की एक क्युसेक. टीएमसी म्हणजे हजार दशलक्ष घनफूट, आपल्या भाषेत शंभर कोटी, म्हणजे अब्ज. मग लिटरमध्ये काढलं, २८३ कोटी आलं. छान. मग म्हटलं हे माणसांत मोजू, शहरात माणशी रोज १३५ लिटर हा पाणीपुरवठ्याचा सरकारी निकष, लोकसंख्या हिशोबाला ५० लाख धरली, तर एक टीएमसी पुरतं चार दिवस.

चार दिवस?? म्हणजे खडकवासला साखळीतली चारही धरणं भरली, पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खुद्द खडकवासला, सगळी मिळून २९.१५ टीएमसी, तर पुणं चार महिन्यांत पिऊन मोकळं. वर त्याच पाण्यावर दौंड-इंदापूरची शेती. कायतरी गडबड. परत बघितलं तर दशलक्षाचं एक शून्य मी खाल्लं होतं. २,८३१ कोटी लिटर पाहिजे. मग ४२ दिवस, हे पटतं.

ठरवलंय की ही चूक वर्गात मुद्दाम फळ्यावर करायची आणि बघायचं कोणी पकडतंय का. दहा पटीचा घोळ अंकांकडे बघून कधीच कळत नाही, गोष्टीकडे बघूनच कळतो.

२७ जून, शुक्रवार

तास मिळवायची लढाई. मोठ्या बाई म्हणाल्या गणितासाठी गणिताचेच तास घ्या ना. मी म्हटलं घेते पण सलग पाहिजेत, पोरं बादली भरेपर्यंत घंटा होते. शेवटी कार्यानुभवचा एक आणि पीटीचा एक मिळाला आणि मराठीच्या बाईंनी एक दिला, त्याच्या बदल्यात दिंडीच्या कार्यक्रमाचं फलकलेखन माझ्या गळ्यात. पीटीचा तास घेतला म्हणून पोरं आठवडाभर माझ्याकडे खुनशी नजरेने बघणार आहेत.

हार्डवेअरच्या दुकानातून मीटर-मीटरचे पीव्हीसी पाइपचे १२ तुकडे कापून आणले. घनाला १२ कडा असतात म्हणून १२. (याचं पुढे हसं झालं, येतंच आहे.) सुतळी, चिकटपट्टी, मार्कर, दोन बादल्या. खोके पोरांनी घरून करून आणायचे, मी एवढंच सांगितलं, प्रत्येक बाजू एक फूट.

१ जुलै, मंगळवार. जोड तास पहिला

नळ आणि बादली. बादलीवर स्टिकर २० लिटरचा. मी काही बोलले नाही, फक्त म्हटलं तपासा. लिटरच्या बाटलीने भरली तर १८ बाटल्यांतच काठाला आली! वर्गात जो काय आनंद झाला, दुकानदाराने फसवलं म्हणून. मग १८ ला मार्करने रेघ मारली आणि तीच खरी धरली.

अंगणातला नळ पूर्ण सोडून तीन गटांनी वेळ घेतली, १ मिनिट ५७ सेकंद, २ मिनिटं ४ सेकंद, १ मिनिट ४९ सेकंद. यावर दहा मिनिटं भांडण, कोणाचं बरोबर. एक गट म्हणे आमच्या वेळी कोणीतरी आत बेसिनचा नळ सोडला. कोणी सोडला ते शेवटपर्यंत कळलं नाही. सरासरी ११७ सेकंद धरली.

१८ भागिले ११७, म्हणजे सेकंदाला साधारण ०.१५ लिटर. मग एक क्युसेक म्हणजे आपले किती नळ? १८४ आले. आणि १०,००० क्युसेक म्हणजे १८ लाख ४० हजार नळ एकदम सोडलेले. एकदम शांतता झाली आणि मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, पुण्यात एवढे नळ तरी आहेत का?" मी म्हटलं मला नाही माहीत, पण प्रश्न चांगलाय.

टँकरमध्ये पण काढलं, दहा हजार लिटरचा टँकर धरला तर दर सेकंदाला २८ टँकर. टँकर यांना नळापेक्षा जास्त ओळखीचा आहे असं दिसलं, ते का ते सोसायट्यांना विचारा.

गेल्या वर्षीचं ते वाक्य मी मुद्दाम फळ्यावर लिहिलं, धरणात १०,००० क्युसेक पाणी आहे. आज सात-आठ हात वर. एक मुलगी म्हणाली, "हे म्हणजे रिक्षा चाळीसच्या स्पीडने लांब आहे असं झालं." हे मी आयुष्यभर वापरणार.

२ जुलै, बुधवार. जोड तास दुसरा

आज पूर आला. वर्गात.

पोरांनी चार खोके आणले होते. पुठ्ठ्याचे, आतून प्लॅस्टिकची पिशवी, कडांना ब्राऊन टेप. एक फूट म्हणून सगळ्यांनी पट्टीचं ३० हे टोक धरलं होतं, त्यांच्या पट्टीवर फूट तिथेच संपतो. मला दिसलं, मी गप्प. ३० चा घन २७,००० म्हणजे २७ लिटर मावायला पाहिजेत, आणि फळ्यावर काल लिहिलंय २८.३. सव्वा लिटरचा फरक कुठून आला ते त्यांनी शोधावं असा माझा डाव.

डाव पाण्यात. पहिल्या गटाचा खोका २७ ला भरेना. २८ ला भरेना. २९, ३०, पोरं ओरडून मोजतायत, आणि खोक्याच्या चारी बाजू पुरीसारख्या टम्म फुगलेल्या. ३१ वी बाटली ओतली आणि खालच्या कोपऱ्यातली टेप सुटली, आवाज पण नाही झाला, फक्त एकदम सगळ्यांचे बूट ओले. पाणी व्हरांड्यातून सातवी ब च्या दारापर्यंत. मावशी मॉप घेऊन आल्या आणि माझ्याकडे नुसतं बघितलं, बोलल्या काही नाहीत, ते जास्त लागलं. मी पण पुसायला बसले, निम्मा वर्ग बसला.

पण पुसता पुसताच गणित झालं. "बाई, तो फुगला म्हणून जास्त मावलं ना?" मग दुसरा म्हणाला मुळात २८ लिटर म्हणजे २८ किलो आत ढकलतायत, पुठ्ठा काय करणार बिचारा. मग कोणीतरी २७ चा हिशोब मांडला. म्हणजे पट्टी लहान म्हणून कमी आणि पोट फुगलं म्हणून जास्त, दोन चुका एकमेकींच्या उलट्या. आणि पट्टीच्या अर्ध्या सेंटीमीटरने सव्वा लिटर कसा जातो यावर मी थांबले. बाजू दीड टक्क्याच्या आसपास कमी, घनफळ जवळजवळ पाच टक्के कमी. तीन दिशांनी कमी झालं ना. एवढं एक वाक्य वहीत लिहायला लावलं, बाकी काही नाही.

उरलेल्यांतला एक खोका उकलून ३०.५ चा केला, सुतळीचे तीन फेरे बांधले, वर मध्ये खाली. पोरं म्हणाली कंबरपट्टा. २८ बाटल्या आणि वर एक फुलपात्र. टाळ्या.

३ जुलै, गुरुवार

नेहमीचे तास, परिमेय संख्या. व्हरांडा वाळला.

४ जुलै, शुक्रवार. जोड तास तिसरा

आज जे झालं ते प्लॅनमध्ये नव्हतं, म्हणून सविस्तर.

टीएमसीला जायचं तर घनमीटर लागतो, कारण फुटांत कोणालाच अंतर दिसत नाही. म्हणून वर्गाच्या कोपऱ्यात एक घनमीटर उभा करायचा. मी १२ पाइप पुढे ठेवले. पोरांनी आधी कोपरा बघितला. तीन कडा भिंती आणि जमीन मिळून फुकट देतातच. सहा भिंतींवर आणि फरशीवर खडूने काढल्या. राहिल्या हवेतल्या तीनच. १२ आणले, लागले तीन, उरलेले नऊ विज्ञानाच्या सरांच्या टेबलावर ठेवून आले, ते म्हणाले क्रिकेटचे स्टंप झाले.

मग प्रश्न विचारला, या घनमीटरमध्ये आपले फुटाचे किती खोके मावतील? निम्म्या वर्गाचं उत्तर सव्वातीन, कारण एक मीटर म्हणजे ३.२८ फूट. याचीच वाट बघत होते. खोका कोपऱ्यात ठेवला, सरकवत सरकवत खडूने चौकोन काढले, एका कडेला तीन, दुसऱ्या कडेला तीन, वर तीन. २७ पूर्ण खोके आणि सगळीकडे चार बोटांची फट, साडेआठ सेंटीमीटर. माझ्या मते काम झालं, ३.२८ चा घन करा, ३५.३ येतं, चला पुढे.

तेवढ्यात खिडकीजवळचा एकजण, जो वर्षभरात तीनदा बोलतो, तो म्हणाला, "पण बाई, २७ खोके तर बसलेत. मग ३५ म्हणजे राहिलेले आठ खोके त्या चार बोटांच्या फटीत मावतात? नाही पटत."

मी तोंड उघडलं आणि बंद केलं. खरंच नाही पटत. मला सूत्राने माहीत होतं, डोळ्याने मलाही पटत नव्हतं. घड्याळ बघितलं, ४० मिनिटं होती. एकट्या तासात मी म्हटलं असतं गुणाकार करून बघ बरोबर येतंय, बस खाली.

म्हटलं, कसं तपासायचं तुम्हीच सांगा. एका मुलीने सुचवलं की खोका उभा चिरायचा, चार बोटं जाडीच्या वड्या पाडायच्या आणि फटीत लावत जायच्या. एका खोक्याच्या साडेतीन वड्या होतात. फट कुठे कुठे आहे? वर एक थर, उजवीकडे एक, पुढे एक. एका थरात नऊ वड्या लागतात. नऊ गुणिले ०.२८ म्हणजे २.५२, अडीच खोके एका थरात! तीन थर, ७.५६. फटीत साडेसात खोके गेले सुद्धा. पोरं "हॅ" करून परत मोजायला लागली.

मग तोच मुलगा उठून कोपऱ्याशी गेला आणि हात लावून दाखवलं की दोन थर जिथे भेटतात तिथे अजून काठीसारखी लांब जागा राहिलीये. अशा काठ्या तीन. एकेक तीन फूट लांब, चार बोटं जाड, चार बोटं रुंद. तिन्ही मिळून ०.७ खोका. आणि अगदी टोकाला, तिन्ही पाइप जिथे बांधलेत तिथे, एक एवढासा चौकोनी तुकडा, सहाशे मिलीच्या जरा वर पाणी मावेल असा. २७ आणि ७.५६ आणि ०.७ आणि तो तुकडा. ३५.२९ आले. फळ्यावरच्या ३५.३ शेजारी लिहिले.

आता माझी गंमत. फळ्याकडे बघताना मला दिसलं की हे ए अधिक बी कंसाचा घन आहे. ए तीन, बी ०.२८. मोठा ठोकळा ए घन, तीन थर म्हणजे तीन ए वर्ग बी, तीन काठ्या म्हणजे तीन ए बी वर्ग, आणि टोकाचा तुकडा बी घन. किती वर्षं हे सूत्र शिकवतेय आणि तो तीनचा आकडा कुठून येतो ते दर वर्षी "गुणाकार करून पाहा" म्हणून सांगितलंय. विस्तार सूत्रांचा धडा अजून झालेला नाही. जीभ शिवशिवत होती पण नाही सांगितलं. फोटो काढून ठेवला, पोरांनी पण वहीत चित्र काढलंय. बिंग आता नाही फोडणार.

भिंतीवरचा खडू पुसू नका असं पाटीवर लिहून लावलंय.

७ जुलै, सोमवार. एकच तास

घाईत झालं. शून्य खाल्लेलं गणित फळ्यावर केलं, चार दिवसांचं उत्तर दोघींनी पकडलं, आनंद. मग २७ तास ४६ मिनिटं ४० सेकंद. खुद्द खडकवासल्यात उपयुक्त साठा १.९७ टीएमसीच, म्हणजे याच वेगाने सोडलं आणि वरून काहीच आलं नाही तर सव्वादोन दिवसांत रिकामं. "पण वरून येतंच असतं ना बाई, पानशेत-वरसगावचं." हो. त्याचं गणित कसं करायचं हा प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात चौकट करून ठेवलाय, सम-व्यस्त चलनाच्या धड्याला लागेल.

शेवटची पाच मिनिटं, एक टीएमसी पाणी एक किलोमीटर बाय एक किलोमीटर जागेवर उभं केलं तर किती उंच? २८ मीटर, नऊ मजली बिल्डिंगएवढं. आणि सगळे २९.१५ टीएमसी उभे केले तर ८२५ मीटर. सिंहगड समुद्रसपाटीपासून १३०० च्या थोडा वर, पुणं ५६०, म्हणजे गड आपल्या डोक्यावर साडेसातशे मीटर. पाणी गडाच्याही वर गेलं. घंटा झाली तरी कोणी उठेना, गड पाण्यात बुडाला याचं त्यांना फारच कौतुक.

१२ जुलै, शनिवार

आज पानशेतच्या पुराची तारीख, १२ जुलै १९६१. एका मुलाची आजी तेव्हा नारायण पेठेत राहायची, नऊ वर्षांची होती. त्याने परवाच विचारलेलं, आजीला आणू का. आणलं. मी गणितात बसवायचा प्रयत्न केला नाही. पानशेत फुटलं, मग ते पाणी खडकवासल्याने पेललं नाही, नदीकाठच्या पेठा बुडाल्या, हे पोरांनी ऐकलेलं असतं, पण आजी बोलायला लागल्यावर वेगळंच. आजींनी वर्गातले फळ्यावरचे आकडे बघून विचारलं हे काय. नातवाने घडाघडा क्युसेक समजावलं. त्या म्हणाल्या, "आम्हाला कुठलं रे हे. आम्ही म्हणायचो पाणी कितव्या पायरीला लागलं."

मधल्या सुट्टीत दोन पोरं याच्यावरच वाद घालत होती, पायरी म्हणजे उंची, क्युसेक म्हणजे वेग, एकावरून दुसरं काढता येईल का. नदी किती रुंद आहे ते लागेल, आणि पाणी किती जोरात वाहतंय ते. मी चहा घेत ऐकत उभी होते.

१४ जुलै, सोमवार

आठवी ब चा आग्रह सुरू झालाय, आम्हाला कधी. त्यांच्यासाठी बदल: खोके वर्गात नाही, नळाशेजारी फरशीवर भरायचे. सुतळी पहिल्यापासून नाही द्यायची, फुगू दे. पाइप तीनच काढून ठेवायचे, बाकीचे सरांकडून परत मिळायची आशा नाही. घनमीटरला अख्खा जोड तास, दुसरं काही नाही त्या दिवशी.

अ च्या खोक्यात सध्या स्टाफरूममधल्या छत्र्या उभ्या आहेत. मावशींना सांगून ठेवलंय, टाकू नका, ऑगस्टात विस्तार सूत्रांना लागणार आहे. त्या म्हणाल्या, "पाणी नाही ना भरणार?"